मेथी काढा, दार ठेवा

"सर, घुसल्या म्हंजे? आमी काय दरोडा घालाया गेलतो व्हय?"

बारामतीच्या ऑफिसात माझ्या टेबलासमोर उभ्या राहून शोभा साबळे यांनी हा प्रश्न विचारला. त्या इंदापूर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहेत. गावाचे नाव देत नाही. सोबत त्यांचे सासरे होते. त्यांना गावात सगळे आबा म्हणतात. पहिल्या एसटीने दोघे निघाले होते आणि डेपोतून चालत आले होते.

शोभाताईंच्या हातात दोन कागद होते. एक आमच्या दैनिकाचे कात्रण. दुसरी, अंगणवाड्यांच्या प्रकल्प कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस. वीज कार्यालयात बळजबरीने शिरलेल्या जमावाचे नेतृत्व केल्याबद्दल आपली सेवा का समाप्त करू नये, असे त्यात विचारले होते. म्हणणे मांडायला येत्या सोमवारी बोलावले होते. अंगणवाडी सेविकेला पगार नसतो, मानधन असते. त्यामुळे काढून टाकणेही सोपे असते.

कात्रणावर मथळा होता : 'वीज कार्यालयात महिला घुसल्या, दाराला धडक, कर्मचारी हवालदिल'.

आबा खुर्चीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"हवालदिल कोण झालं म्हणं?" त्यांनी विचारले. "त्यो वीज हापिसातला आपरेटर खरात? त्यानं तर आमच्या बायकांना चहा इचारला."

मी बातमी वाचली. ती छापली त्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. पण नसती तरी बहुधा ती अशीच गेली असती. मी उपसंपादक आहे. दुसऱ्याने लिहिलेली बातमी नीट करून पानावर लावणे हे काम. बातमीवर उपसंपादकाचे नाव नसते. चुकली की लोक मात्र त्याच्याच टेबलाशी येतात, कारण बाकी कोणी ऑफिसात सापडत नाही.

"नेमकं काय झालं ते सांगा," मी म्हणालो.

"डीपी जळाली," शोभाताई म्हणाल्या. डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. गावाच्या पाण्याचा पंप त्याच डीपीवर होता. "फोन करून दमलो. मग दुपारी अंगणवाडी सुटल्यावर आमी बायका गेलो. निवेदन मी लिवलं होतं, म्हणून मी दिलं. दिलं आन् बसलो. साहेब यायची वाट बघत."

"दार?"

"दाराचं काय?"

"दाराला धडक दिली असं लिहिलंय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. "दार उघडून गेलो की," शोभाताई म्हणाल्या. "दुसरं कुठून जाणार?"

त्यांना बसायला सांगून मी चहा मागवला. बातमी कशी बिघडली याचा अंदाज मला आला होता. तो सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आमच्याकडे पुण्याला नवे संपादक आले. त्यांनी आल्या आल्या तालुक्यांच्या बातम्या वाचल्या आणि ते वैतागले. वैतागायला कारण होते. प्रत्येक बातमीत कार्यक्रम उत्साहात संपन्न झालेला असे. उद्घाटन करण्यात आलेले असे, मार्गदर्शन करण्यात आलेले असे आणि शेवटी आभार मानण्यात आलेले असत. कोणी काय केले हे दिसत नसे. संपादकांनी व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना अर्धा तास समजावले. वाक्याला पाय क्रियापदाचे असतात, ते म्हणाले. पाऊस पडला, असे लिहू नका. पावसाने झोडपले का, रिपरिप लावली का, की शिडकावा करून गेला, ते लिहा. माणूस आला, असे लिहू नका. कसा आला ते क्रियापदातच दिसू द्या.

यात चूक काही नव्हते. मी स्वतः पंचवीसेक वर्षे हेच सांगत आलो आहे. कोणी ऐकत नव्हते. या वेळी सगळ्यांनी ऐकले.

पुढच्याच आठवड्यात बाजार समितीत टोमॅटो धडकला. सांगवीत रक्तदान शिबिर उसळले. वडगाव निंबाळकरला दूध उत्पादकांच्या बैठकीत चर्चा भडकली. मी फोन करून चौकशी केली, तर सगळे चहा पिऊन वेळेत घरी गेले होते. एका शाळेत पालकसभा दणाणली. तिला किती पालक होते, हे बातमीत नव्हते.

यातली बरीचशी क्रियापदे मी काढत असे. काही निसटत. रोज तीन पाने लावायची असतात आणि माणसे दोन असतात.

शोभाताई चहा पीत होत्या, तेव्हा मी आमच्या इंदापूरच्या दत्ताला फोन लावला. दत्ता आमचा स्ट्रिंगर. स्ट्रिंगर म्हणजे पगारावर नसलेला, बातमीमागे थोडे मानधन घेणारा बातमीदार. दत्ताचा मूळ धंदा फोटो स्टुडिओचा आहे. पेपरची एजन्सीही त्याच्याकडेच आहे.

"दत्ता, वीज कार्यालयाच्या बातमीला तू गेला होतास?"

"कुठल्या, सर? त्या घुसल्यावाल्या?"

"त्याच."

"न्हाय. ती ग्रुपवर आली."

हा ग्रुप म्हणजे तालुक्यातल्या बातमीदारांचा व्हॉट्सॲप ग्रुप. प्रत्येक जण प्रत्येक गावाला जाऊ शकत नाही, म्हणून त्यांनी सोय काढली आहे. ज्याला जवळ पडेल तो जातो आणि बातमी ग्रुपवर टाकतो. बाकीचे ती उचलतात. फक्त एक अडचण असते. चार पेपरांत सारखीच बातमी आली, तर चारही डेस्क, म्हणजे ऑफिसातले उपसंपादक, ओरडतात. म्हणून प्रत्येक जण चार शब्द बदलतो. नावे बदलता येत नाहीत. गाव बदलता येत नाही. मग क्रियापद बदलतात.

"मूळ कॉपी पाठव," मी म्हणालो. कॉपी म्हणजे बातमीचा मजकूर.

ती आली. त्यात वाक्य होते : 'दार ढकलून महिला कार्यालयात आल्या.' दुसऱ्या पेपरच्या बातमीदाराने ते केले होते : 'दार लोटत महिला कार्यालयात धडकल्या.' दत्ताकडे पोचेपर्यंत 'आल्या' आणि 'धडकल्या' दोन्ही वापरून झाले होते. त्याने लिहिले : 'दाराला धडक देत महिला कार्यालयात घुसल्या.' खाली निवेदन देणारीचे नाव होते, त्याच्यापुढे त्याने 'यांच्या नेतृत्वाखाली' जोडले. 'हवालदिल' पुण्यात लागले.

"दत्ता, घुसल्या हे तुला कोणी सांगितलं?"

"सर, तुमीच सगळे म्हणता ना, आल्या-गेल्या लिवू नका म्हणून? आपल्या पेपरच्या ग्रुपवर संपादकांचा मेसेज पिन केलाय."

"घुसणं म्हणजे कोणीतरी अडवत असताना आत जाणं. कोण अडवत होतं?"

"आता ते तितं गेल्याबिगर कसं सांगणार? आन् जायाचं म्हणलं तर पेट्रोल कोण देतंय, सर?"

मी मूळ कॉपी लिहिणाऱ्याला फोन लावला. तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, मी पोचलो तेव्हा बायका व्हरांड्यात बसलेल्या होत्या. फोटो काढला आणि लग्नाला गेलो. आत कशा गेल्या ते मी पाहिले नाही. ऑपरेटरला फोन केला, तो म्हणाला दार ढकलून आल्या. तेवढे लिहिले.

म्हणजे 'ढकलून' खरे होते. मी शोभाताईंकडे पाहिले. त्या बशीत उरलेला चहा आबांना देत होत्या.

"ताई, दार ढकललं होतं का?"

"ढकललं आसंल," त्या म्हणाल्या. "पुढं कोन होतं ध्यानात न्हाय."

हे सोमवारी सांगून चालणार नव्हते. नोटिशीत बळजबरी हा शब्द होता. दार ढकलले हे कबूल केले, की बळजबरी कबूल केल्यासारखेच होते. नाही म्हटले, तर ऑपरेटर उलट सांगणार. मी संपादकांना फोन करून खुलासा छापायची परवानगी मागितली. खुलासा म्हणजे चूक दुरुस्त करणारी चौकट.

"खुलाशात काय लिहिणार?" त्यांनी विचारले.

"घुसल्या नव्हत्या असं."

"मग काय केलं होतं?"

प्रश्न बरोबर होता. "जाऊन बघतो," मी म्हणालो.

"फॉलोअप करा. चांगला, वर्णन असलेला. खुलाशापेक्षा बरं दिसेल."

फॉलोअप म्हणजे जुन्या बातमीच्या पाठोपाठ दिलेली नवी बातमी. दुसऱ्या दिवशी मी मोटारसायकल काढली. लासुर्णे, निमगाव आणि तिथून पुढे. रस्ता ओळखीचा आहे. पूर्वी या रस्त्याने जाताना बातमी आधीच डोक्यात लिहून होत असे. आता फक्त कंबर दुखते.

वीज कार्यालय म्हणजे दोन खोल्या, पुढे व्हरांडा, कडेला बोअरचा नळ. बाहेर कोणी नव्हते. मी दाराची मूठ फिरवली. दार उघडले नाही. हाताने ढकलले. तरी नाही.

आतून आवाज आला, "खांदा लावा, खांदा! खालनं फुगलंय ते."

मी खांदा लावला. दार जमिनीला घासत उघडले आणि मी एकदम आत गेलो. समोर खरात ऑपरेटर रजिस्टर घेऊन बसला होता.

"सगळ्यांनाच लावावा लागतो," तो म्हणाला. "साहेबसुदिक तसंच येत्यात. एकदा चष्मा पडला त्यांचा."

मी ओळख सांगितली. तो जरा सावरून बसला.

"त्या दिवशी बायका कशा आत आल्या?"

"तुमी आला तशाच. ढकलून. मी त्या पत्रकाराला सांगितलं की, दार ढकलून आल्या. त्यानं इचारलं, मी सांगितलं. आता हितं दार ढकलल्याबिगर कोन येतंय?"

"तुम्ही अडवलं होतं का?"

"मी कशाला अडवू? मीच म्हणलं बसा, साहेब इंदापूरला मीटिंगला गेल्यात."

"मग तक्रार कोणी केली?"

"साहेबांनी. आल्यावर पेपर वाचला आन् वर रिपोर्ट पाठवला. कात्रणं जोडून. तितनं त्यो अंगणवाडीच्या हापिसात गेला." त्याने रजिस्टर मिटले. "साहेबांची बी चूक न्हाय. चार पेपरात येतंय म्हणल्यावर त्यांनी वर कळवलं न्हाय तर वरचं त्यांनाच इचारणार."

म्हणजे घुसल्या असे लिहिणाऱ्यांपैकी कोणी तिथे नव्हते. घुसल्या अशी तक्रार करणारा अधिकारीही तिथे नव्हता. जो होता त्याने फक्त 'ढकलून आल्या' एवढेच म्हटले होते, आणि ते त्याने दाराबद्दल म्हटले होते.

"बसून काय करत होत्या?"

"मेथी," खरात म्हणाला.

बायकांनी सकाळी मेथी उपटली होती. दुपारनंतर पुण्याच्या मार्केटचा टेम्पो याच रस्त्याने जातो. घरी पाणी नव्हते. पाण्याशिवाय मेथी सुकते. म्हणून भारे डोक्यावर घेऊन त्या इथेच आल्या. नळावर मेथीच्या मुळांची माती धुतली, व्हरांड्यात गोल करून बसल्या, पिवळी पाने खुडली, जुड्या बांधल्या, वरून पाणी शिंपडले आणि गोणपाटाखाली झाकून ठेवल्या. टेम्पो आला तेव्हा माल चढवला. मग पुन्हा येऊन बसल्या.

"गप्पा काय मारत होत्या म्हणता!" खरात म्हणाला. "एक म्हणली, साहेब आज आला न्हाय तर उद्या वांगी घिऊन येऊ. मी म्हणलं मावशी, वांग्याला जागा न्हाय हितं."

"रिपोर्टमध्ये मेथीचं आहे का काही?"

"हाय की. कार्यालयाचा परिसर अस्वच्छ केला."

परत येताना फार बरे वाटत नव्हते, पण बातमी हाताला लागली होती. ऑफिसात बसून मी ती लिहिली. विशेषणे घातली नाहीत. बायका उपटतात, धुतात, खुडतात, बांधतात, शिंपडतात, झाकतात. संपादकांना हवी होती तशी क्रियापदे एकामागून एक आपोआप आली. एकही शोधावे लागले नाही. त्यानंतर दाराचा परिच्छेद : दार खालून फुगलेले आहे, खांदा लावून ढकलल्याशिवाय ते उघडत नाही, अधिकारी व कर्मचारीही रोज तसेच आत जातात, महिलांना कोणीही अडवले नव्हते, असे ऑपरेटरने सांगितले. शेवटी मी लिहिले की आधीच्या बातमीतील 'घुसल्या' व 'दाराला धडक' हे शब्द चुकीचे होते.

बातमी पुण्याला गेली. संध्याकाळी संपादकांचा फोन आला.

"झकास झालंय," ते म्हणाले. "हे मी म्हणत होतो. मेथी डोळ्यांसमोर दिसते. सगळ्या तालुक्यांना नमुना म्हणून पाठवणार आहे."

"बरं."

"फक्त जागा कमी आहे. पानावर जाहिरात आली आहे. अर्धी करावी लागेल. मी दाराचा परिच्छेद काढतो."

मी बातमीचा प्रिंट पुढे ओढून दाराचा परिच्छेद शोधला.

"ऐकताय ना? दाराचं फार रुक्ष आहे हो. फुगलेलं दार, खांदा लावला, ऑपरेटरने सांगितले. वाचक तिथं सोडून देतो. मेथीवर संपवू."

"मेथी काढा," मी म्हणालो. "दार ठेवा."

"काय?"

"सोमवारी त्या बाईंची सुनावणी आहे. तिथं मेथीचा उपयोग नाही. उलट परिसर अस्वच्छ केला म्हणून तक्रारीत मेथी आहे. दार नसेल तर त्यांची नोकरी जाईल."

"अहो, पण बातमीत जीव मेथीमुळे आहे."

"मान्य आहे. तरी काढा."

फोनवर मागे कोणीतरी पान सोडायची घाई करत होते. पान सोडणे म्हणजे छपाईला पाठवणे.

"मी जिवंत क्रियापदं वापरा म्हणालो होतो," संपादक म्हणाले. "खोटी वापरा असं म्हणालो नव्हतो. तुम्ही लोक माझ्या नावावर बिल फाडताय असं वाटतंय."

"बिल कोणाच्याच नावावर फाडत नाही. दार ठेवा एवढंच म्हणतोय."

"ठीक आहे. दार ठेवतो. पण सपाट दिसेल."

"दिसू द्या."

सकाळी पेपर आला. बातमी आतल्या पानावर, जाहिरातीच्या डोक्यावर बसली होती. मथळा होता : 'वीज कार्यालयाचे दार ढकलूनच उघडते'. पेपरात इतका नीरस मथळा मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. ग्रुपवर एका बातमीदाराने हसणारा चेहरा टाकला आणि खाली लिहिले : आमच्या बाथरूमचंपण.

शोभाताई कात्रण घेऊन सोमवारी गेल्या. तिथे काय झाले ते त्यांनीच नंतर फोनवर सांगितले. प्रकल्प अधिकारी बाईंनी कात्रण दोनदा वाचले. मग म्हणाल्या, पेपरवाल्यांनी आधी एक लिहिले, आता दुसरे लिहितायत, मी कशावर विश्वास ठेवू? त्यांनी पर्यवेक्षिकेला, म्हणजे सेविकांच्या कामावर देखरेख करणाऱ्या बाईंना, दार पाहून यायला पाठवले.

पर्यवेक्षिका गेल्या आणि त्यांनी दाराला हात लावला. दार एका बोटाने उघडले.

"मला तर वाटलं, संपलं, सर," शोभाताई म्हणाल्या. "बाईंनी तितनंच फोन लावला, म्हणल्या, मॅडम, हे दार तर सरळ उघडतंय."

"मग?"

"मग त्यांनी खरातभाऊंना इचारलं. ते म्हणले, आजच सकाळी सुताराकडनं रंधा मारून घेतला. पेपरात आलं म्हणून साहेब चिडले होते. भुस्सा तसाच पडला होता तितं. बाईंनी फोटो काढून पाठवला."

भुशाच्या फोटोवर प्रकरण मिटले. लेखी उत्तर आले ते असे : सेविकेविरुद्धची कारवाई थांबवण्यात येत आहे, तथापि यापुढे दक्षता घेण्याची समज देण्यात येत आहे. कोण थांबवते आहे आणि कोण समज देते आहे, ते कागदावर नव्हते. शोभाताई अंगणवाडीत रुजू आहेत. डीपीही बसली आहे. ती आमच्या बातमीमुळे बसली की नंबर लागला म्हणून, ते सांगता येत नाही.

नमुना म्हणून माझी बातमी कुठेही पाठवली गेली नाही. दत्ताने मात्र दोन दिवसांनी एक कॉपी पाठवली. एका गावात तरुणांनी ग्रामपंचायतीला कुलूप ठोकले, असे त्यात होते. मी फोन उचलायच्या आधीच त्याचा मेसेज आला : 'सर, कुलपाचा फोटो हाय. मी सवता गेलतो. पेट्रोलचं बघा.' पेट्रोलचे मी पुण्याला कळवले. अजून उत्तर नाही.

शोभाताईंनी त्या दिवशी फोन ठेवण्याआधी आबांना बोलायचे होते. त्यांनी नमस्कार केला, उपकार झाले म्हणाले, आणि मग जरा अडखळले.

"एक इचारू का, सायेब? बायका पेपर घिऊन बसल्या होत्या काल. तुमी त्या दिवशी खरातला मेथीचं इचारलं म्हणं. आमच्या घरचीनं बातमी चार वेळा वाचून घेतली. मेथीचं कुठं घावलं न्हाय."

"जागा नव्हती, आबा."

"व्हय का," ते म्हणाले. "आसू द्या. आसू द्या. सुनंचं नाव तर वाचलं."

चांगले वर्णन लिहायचे तर जोरकस क्रियापद लागते, हे खरे आहे. ते जागेवर गेल्याशिवाय मिळत नाही, हेही खरे आहे. आणि मिळाल्यावर ते छापून येईलच असे नाही.